प्रसूती वॉर्डातलं अँटिबायोटिक: कुठलं, किती, केव्हा आणि कधी थांबवायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या एखाद्या दवाखान्यात इंटर्न किंवा स्टाफ नर्स म्हणून नव्याने रुजू झालात की बऱ्याच बाळंतिणींच्या केसपेपरवर अँटिबायोटिक दिसेल. ते कशासाठी दिलंय हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: ऑर्डर वाचली की कडेला पेन्सिलने 'प्र' किंवा 'उ' लिहायचं. 'प्र' म्हणजे प्रतिबंध: जंतुसंसर्ग झालेला नाही, तो होऊ नये म्हणून. 'उ' म्हणजे उपचार: संसर्ग झालेला आहे. 'प्र' बहुतेक वेळा एका डोसात संपतं. 'उ' किती दिवस चालेल ते ताप, नाडी आणि तपासणी ठरवते. दोन्हीपैकी एकही अक्षर लिहिता येत नसेल तर ड्युटी डॉक्टरांना विचारा. औषध ठरवणं त्यांचं काम, पण वेळ पाळणं, नीट विरघळवणं, किती वेगाने सोडायचं हे बघणं आणि थांबवायची आठवण करून देणं हे वॉर्डातल्या माणसांच्या हातात असतं. पुढचे डोस नेहमीचे आहेत. तुमच्या दवाखान्याचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो पाळा.

सिरिंज हातात घेण्याआधी

पाच गोष्टी विचारा: वजन, किती महिने भरलेत, मूत्रपिंडाचा त्रास, गेल्या महिन्यात घेतलेली अँटिबायोटिकं आणि ॲलर्जी.

गेल्या महिन्यातल्या औषधांचा प्रश्न आपल्या भागात जास्त महत्त्वाचा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि माहेर सरहद्दीच्या पलीकडे, गडहिंग्लज, चंदगड किंवा कोल्हापूरकडे असू शकतं. तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) कर्नाटकाचं, सोनोग्राफी महाराष्ट्रातली आणि मधल्या तापाच्या गोळ्या गावातल्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. कार्डावर नाही म्हणजे घेतलं नाही असं धरू नका. "पिशवीतल्या सगळ्या गोळ्या दाखवा, अक्का" म्हटलं की रिकाम्या पट्ट्यासुद्धा बाहेर येतात.

ॲलर्जीचा प्रश्न "ॲलर्जी आहे का" असा विचारला तर उत्तर नेहमी "नाही" येतं. "कुठल्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं होतं का? ओठ सुजले होते का? दम लागला होता का?" असं विचारा. कानडी भागातून आलेल्या सिस्टरांनीही ही तीन वाक्यं मराठीत पाठ करून ठेवावीत. गोळीने मळमळलं किंवा जुलाब झाले ही ॲलर्जी नव्हे. ती केसपेपरवर ॲलर्जी म्हणून चढली की बाई आयुष्यभर पेनिसिलिनला मुकते.

कातडीत टोचायच्या टेस्ट डोसवर फार विसंबू नका. टेस्ट साफ आली तरी रिॲक्शन येऊ शकते. दवाखान्याचा नियम असेल तर टेस्ट लवकर उरका, ऑपरेशन टेबलावर त्यासाठी वेळ घालवू नका. खरी तयारी म्हणजे ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन. दम, सूज किंवा बीपी कोसळणं दिसलं की औषध बंद करा आणि १:१००० ॲड्रेनॅलिन ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्या, मदतीसाठी हाक मारा. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. डेक्सोना (स्टिरॉइड) आणि ॲव्हिल (ॲलर्जीचं इंजेक्शन) नंतर. आधी तीच देत बसणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

सिझर: सगळा खेळ पहिल्या तासाचा

प्रतिबंधाचं सगळ्यात मोठं काम इथे असतं. नॉर्मल बाळंतपणापेक्षा सिझरमध्ये गर्भाशयाच्या आणि टाक्यांच्या संसर्गाचा धोका कितीतरी जास्त. चिरा पडतो त्या क्षणी औषध तिथल्या ऊतींत पोचलेलं असेल तरच त्याचा उपयोग होतो.

१. सेफॅझोलिन २ ग्रॅम, शिरेतून. वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. १ ग्रॅमची वायल असेल तर प्रत्येकीत १० मिली स्टराइल वॉटर घाला, तळाशी कण राहू देऊ नका आणि ३ ते ५ मिनिटांत हळू द्या.

२. वेळ: चिऱ्याच्या आधीच्या ६० मिनिटांत. सोपी खूण म्हणजे स्पायनलसाठी पाठ साफ करायला घेतली की इंजेक्शन सुरू करायचं. वॉर्डात दोन तास आधी "देऊन टाकलेलं" सेफॅझोलिन चिऱ्याच्या वेळी उतरणीला लागलेलं असतं. नाळ कापल्यावर द्यायची जुनी पद्धत बाळाला औषध पोचू नये म्हणून होती. आधी दिल्याने आईचा संसर्ग कमी होतो आणि बाळाला त्रास वाढत नाही हे दिसल्यावर ती मागे पडली. बाळाचे ठोके पडताहेत म्हणून पळापळीचं सिझर असेल तर औषधासाठी चिरा थांबवायचा नाही, हात मोकळा होताच डोस द्यायचा.

३. कळा सुरू असतील किंवा पाणमोट फुटली असेल तर सोबत अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात या जोडडोसाने संसर्गाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. पण ते सिरिंजने ढकलायचं नाही. वायल ४.८ मिली स्टराइल वॉटरने विरघळवा, २५० मिली नॉर्मल सलाइनमध्ये घाला आणि एका तासात सोडा. वेगाने दिलं तर हृदयाची लय बिघडू शकते, शीर जळजळते. ऑपरेशन चालू असताना ते दुसऱ्या लाइनवर चालू राहिलं तरी चालतं.

४. शस्त्रक्रिया चार तासांपलीकडे गेली किंवा १५०० मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं तर सेफॅझोलिन पुन्हा द्या. रक्तस्राव सावरण्याच्या धावपळीत हे हमखास विसरतं. मोप (रक्त टिपायचे कापडी बोळे) मोजणाऱ्या सिस्टरनेच आठवण करावी.

५. मग थांबा. त्यानंतरचा पाच दिवसांचा कोर्स साध्या सिझरमध्ये काही जास्तीचं देत नाही. जुलाब, योनीत बुरशीची खाज, खर्च आणि वॉर्डात मुरलेले हट्टी जंतू एवढंच वाढतं.

पेनिसिलिनने खरोखरच जीवघेणी रिॲक्शन आली असेल तर क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम (किमान अर्ध्या तासात) आणि जेंटामायसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम.

स्टोअरमध्ये सेफॅझोलिन नाही म्हणून सेफ्ट्रिॲक्सोन १ ग्रॅम ठोकायची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. टाक्यांचा त्रास बरेचदा कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकसने होतो आणि त्यावर सेफॅझोलिन अधिक नेमकं आहे. सेफ्ट्रिॲक्सोन आजारी बाईसाठी राखून ठेवायचं औषध आहे. २०१४ पासून तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन शेड्यूल एच-वनमध्ये (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत) आहेत ती उगाच नाहीत. इंडेंट (स्टोअरचं मागणीपत्र) भरताना सेफॅझोलिन मागा. तोवर सेफ्युरॉक्सिम १.५ ग्रॅमने काम भागवता येतं.

आणि सुईबाहेरच्या गोष्टी. केस काढायचेच असतील तर क्लिपरने, ब्लेडने नाही: ब्लेडच्या बारीक जखमांत जंतू घर करतात. अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन लावल्यावर ते पूर्ण वाळू द्या, निदान तीन मिनिटं. ओलं असताना ड्रेप टाकला तर जंतू मरायला वेळ मिळत नाही आणि कॉटरीने (विजेने जाळून रक्त थांबवायच्या यंत्राने) पेट घ्यायचा धोका असतो. कळा चालू असलेल्या किंवा पाणी गेलेल्या बाईची योनी सिझरआधी पोव्हिडोन आयोडीनच्या बोळ्याने अर्धा मिनिट पुसली तर नंतरचा गर्भाशयाचा संसर्ग कमी होतो. खर्च जवळजवळ काही नाही.

नॉर्मल बाळंतपण

गुंतागुंत नसेल तर अँटिबायोटिक नको. एपिसिओटॉमीचे (बाळंतमार्गाला मुद्दाम दिलेल्या चिऱ्याचे) टाके पडलेत म्हणूनही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून हे स्पष्ट सांगितलंय. सासूबाई "टाके पडलेत, इंजेक्शन नाही का देणार?" असं विचारतात तेव्हा वाद घालू नका. टाके कोरडे ठेवायचे, लघवी-संडासनंतर पुढून मागे धुवायचं, पॅड चार-सहा तासांनी बदलायचा आणि वास येणारा स्राव दिसला तर त्याच दिवशी यायचं, हे त्यांनाच समजावून सांगा. घरी लक्ष त्याच ठेवणार आहेत.

अपवाद तीन. चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम लावला असेल तर को-अमॉक्सिक्लॅव १.२ ग्रॅम शिरेतून एकदाच, बाळंतपणानंतर सहा तासांच्या आत. ब्रिटनमधल्या २०१९ च्या अभ्यासात यामुळे संसर्ग १९ टक्क्यांवरून ११ वर आला. पावडर २० मिलीत विरघळवली की २० मिनिटांत वापरून टाका, ट्रेमध्ये ठेवून विसरू नका. दुसरा अपवाद वार हाताने काढावी लागली तर: अँपिसिलिन २ ग्रॅम किंवा सेफॅझोलिन १ ग्रॅम, एकदाच. तिसरा, फाटणं गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलं तर टाके घालताना एक डोस, आपल्याकडे साधारण सेफ्युरॉक्सिम १.५ ग्रॅम आणि मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम. ही जखम चिघळली तर बाईला पुढे वारा-शौच आवरता येत नाही, म्हणून इथे कंजूषी नको.

एक गोष्ट बेळगावशी जोडलेली. कळांत असलेल्या बाईला अझिथ्रोमायसिन २ ग्रॅम तोंडाने एकदाच दिलं तर काय होतं, याचा सात देशांतला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातली केंद्रं बेळगाव आणि नागपूर. आईचा सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. बाळांच्या सेप्सिसमध्ये किंवा मृत्यूत फरक पडला नाही. म्हणजे फायदा आईचा, आणि सरसकट वापराने अझिथ्रोमायसिनला न जुमानणारे जंतू वाढतील ही काळजी आहेच. तुमच्या संस्थेने लेखी ठरवलं असेल तर द्या, आपल्या मनाने सुरू करू नका.

पाणी आधीच गेलं

सदतीस आठवड्यांच्या आत, कळा नसताना अंगावरून पाणी गेलं तर पहिला नियम: हात घालून तपासायचं नाही. स्पेक्युलमने बघा. प्रत्येक बोट जंतू वर ढकलतं. मग एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, दहा दिवस किंवा कळा सुरू होईपर्यंत. पोटात जळजळ होते, म्हणून काहीतरी खाऊन घ्यायला सांगा. एरिथ्रोमायसिन मिळेनासं झालं तर डॉक्टर अझिथ्रोमायसिन आणि अँपिसिलिन वापरतात. को-अमॉक्सिक्लॅव मात्र इथे नाही: बाळाच्या आतड्याला सूज येऊन आतड्याचा भाग मरण्याचा धोका वाढतो. मघाशी व्हॅक्यूमनंतर चाललेलं औषध इथे का चालत नाही हे लक्षात ठेवा, नवशिके हमखास इथे गोंधळतात. तिथे बाळ बाहेर होतं.

पाणमोट शाबूत असून नुसत्या अपुऱ्या दिवसांच्या कळा असतील तर अँटिबायोटिक देऊ नका. अशा मुलांचा सात वर्षांनी पाठपुरावा केला तेव्हा औषध मिळालेल्यांत सेरेब्रल पाल्सी जास्त आढळली.

कळांमध्ये ताप

ताप ३९ अंश सेल्सिअस किंवा जास्त. अथवा ३८ ते ३८.९ च्या जोडीला बाळाचे ठोके १६० च्या वर, आईच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या किंवा गर्भाशयाच्या मुखातून पुवासारखा स्राव. यातलं काही असेल तर गर्भपिशवीत संसर्ग समजा. कडेला 'उ'. अँपिसिलिन २ ग्रॅम दर सहा तासांनी आणि जेंटामायसिन दिवसातून एकदा किलोमागे ५ मिलिग्रॅम.

जेंटामायसिनचं गणित एकदा हाताने करून बघा. बाई ५० किलोची. ५० × ५ = २५० मिलिग्रॅम. वायलवर ८० मिलिग्रॅम, २ मिली, म्हणजे मिलीत ४०. २५० ला ४० ने भागा: ६.२५ मिली, तीन वायल संपून चौथीतलं थोडं. १०० मिली नॉर्मल सलाइनमधून अर्ध्या तासात. सवयीने एकच वायल दिली तर तिसरा हिस्साही पोचत नाही, आणि मग दोन दिवसांनी "औषध लागू पडत नाही" असा शेरा येतो. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन एकाच सिरिंजमध्ये मिसळू नका, एकमेकांना निकामी करतात. मध्ये सलाइनने लाइन धुवा. लघवी मोजा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टरांना कळवल्याशिवाय पुढचा डोस नको.

सिझर झालं तर त्यात क्लिंडामायसिन किंवा मेट्रोनिडॅझोलची भर पडते. बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे संसर्ग गेला असं नाही.

बाळंतपणानंतरचा ताप

व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइसने हात धुवायला लावले तो हाच आजार. औषध लिहिण्याआधी बाईला वरून खाली तपासा: छाती, स्तन, पोट, टाके, लघवी, पोटऱ्या. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाही बघा.

गर्भाशय दुखरं आणि स्रावाला वास असेल तर क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी आणि जेंटामायसिन वरच्या हिशोबाने. ताप जाऊन २४ ते ४८ तास झाले की बंद. त्यानंतर गोळ्यांचं शेपूट लावायची गरज नसते. ४८ ते ७२ तासांत ताप हटला नाही तर औषध बदलण्याआधी कारण शोधा: वारेचा तुकडा, टाक्यांमागे साठलेला पू, ओटीपोटातल्या शिरांत गुठळी. पू साठला असेल तर तो काढावाच लागतो.

स्तन लाल, दुखरा असेल तर अंगावर पाजणं चालू ठेवायचं, तोच निम्मा उपचार. दिवसभरात आराम पडला नाही तर क्लॉक्सासिलिन ५०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी.

आता ज्यासाठी घड्याळ बघायचं ते: बीपी वरचं ९० च्या खाली, श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, किंवा बाई असंबद्ध बोलतेय. यातल्या दोन गोष्टी असल्या की सेप्सिस धरून चला. रक्ताचं कल्चर घ्या, पण त्यासाठी औषध अडवू नका. पहिला डोस तासाभरात गेला पाहिजे. कणकुंबी-जांबोटीकडून पावसात बेळगावला पोचायला लागणारा वेळ त्या तासात मावत नाही. म्हणून १०८ ला फोन करून, गाडी यायच्या आत पहिला डोस द्या आणि चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ लिहा: "अँपिसिलिन २ ग्रॅम, दुपारी ३.१०". नुसतं "अँटिबायोटिक दिलं" लिहिलं तर पुढच्या दवाखान्यात एकतर डोस दुबार होतो नाहीतर चुकतो.

लघवी, पांढरं जाणं, सिफिलिस

गरोदरपणात लघवीत जंतू सापडले तर त्रास नसला तरी उपचार होतो, नाहीतर ते मूत्रपिंडापर्यंत चढतात. नायट्रोफ्युरँटोइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस. शेवटच्या आठवड्यांत ते टाळतात, बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. थंडी वाजून ताप आणि कमरेत ठणका असेल तर हे औषध कुचकामी: भरती करून सेफ्ट्रिॲक्सोन. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन गरोदर बाईला नको.

पांढऱ्या पाण्यासाठी सरकारी दवाखान्यात रंगाची किट असतात. करडं म्हणजे अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, गर्भाशयाच्या मुखाच्या सुजेसाठी. हिरवं म्हणजे सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, योनीच्या स्रावासाठी. पिवळं ओटीपोटाच्या सुजेसाठी, त्यात चौदा दिवसांचं डॉक्सिसायक्लिन आहे. देण्यापूर्वी खोक्यावरचं लेबल वाचा, आणि गरोदर बाईला हिरवं-पिवळं तसंच उचलून देऊ नका. करडं आणि पिवळं दिलं की नवऱ्याचाही उपचार करावा लागतो. तो गोव्याला कामाला असेल तर "आला की पाठवते" यावर सोडू नका, तिकडच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी द्या.

सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख, खोल स्नायूत. दुधासारखं दाट असतं, बारीक सुईत अडकतं, म्हणून २१ गेजची सुई. शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं: आधी पिस्टन मागे ओढून बघा. नंतर अर्धा तास बाकावर बसवून ठेवा.

बाकीच्या शस्त्रक्रियांचं थोडक्यात: गर्भाशय काढायचं असेल तर सिझरसारखंच सेफॅझोलिन. गर्भपाताच्या व्हॅक्यूमआधी तासभर डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम. तांबी बसवताना किंवा नसबंदीला काही नको.

घरी सोडताना

गोळ्या द्यायच्याच असतील तर चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका. ती कानडीत किंवा इंग्रजीत असते आणि घरी वाचणारी वहिनी मराठी शाळेतली. पाकिटावर उगवता सूर्य आणि चंद्र काढा, त्याखाली गोळ्यांइतके ठिपके. शेवटच्या गोळीची तारीख लिहा. उरलेल्या गोळ्या जावेच्या तापाला द्यायच्या नाहीत हे तोंडाने सांगा. आणि दवाखान्याचा फोन नंबर तायी कार्डाच्या मागे ठळक लिहा, कारण बाळंतीण उद्या माहेरी, सरहद्दीपलीकडे जाणार असेल, आणि चौथ्या दिवशी टाक्यांतून पाणी आलं तर तिथल्या डॉक्टरांना पहिला प्रश्न पडेल की इकडे काय दिलं होतं.